बिजागरी

लॅमिंग्टन रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
मुर्तझाभाईंच्या गाळ्यात
बाबा लॅपटॉप उघडतात, मिटतात,
परत उघडतात
कान जवळ नेऊन.

मुर्तझाभाई सांगतायत रॅम किती, प्रोसेसर कितव्या पिढीचा.
बाबा मान हलवतात,
गिऱ्हाईक मोबाइलवर परदेशातलं कपाट दाखवतं
तेव्हा हलवतात तशी.
मग विचारतात,
"बिजागरी कशाची आहे? पोलादी की ओतीव?"

मला मेल्याहून मेल्यासारखं.

माझ्या मनात कधीचा ठरलेला:
चंदेरी, सव्वा किलोचा,
देवयानीकडे आहे तसा,
बोट टेकवलं की जागा होणारा.
तोच समोर काचेत, एकेचाळीस हजार नऊशे नव्वद.
बाबांच्या आतल्या खिशात एकवीस.
दोन दरवाजे, एक देव्हारा.
देव्हाऱ्याचे अडीच हजार यायचेत अजून.

तरी त्यांनी तो मागून घेतला.
उलटा केला. पाठीवरून तळवा फिरवला,
रंधा मारलेल्या फळीवरून फिरवतात तसा.
"हा उघडायचा कुठून?"
"उघडायचा नाही काका. बिघडला तर आतलं सगळंच बदलायचं."
"चिकटवलेलं काम," बाबा म्हणाले
आणि दुसऱ्याचं तान्हं ठेवावं तसा
हळूच ठेवला परत.
आमच्या घरात ही शिवी आहे.

मग तो काळा.
अंधेरीच्या कुठल्याशा ऑफिसात तीन वर्षं राबलेला,
कोपऱ्यात खरवडलेलं लेबल, अर्धा नंबर शिल्लक,
जाडीला पाटासारखा.
पोटाला आठ स्क्रू.
बाबांनी आठही अंगठ्याने मोजले, दोनांवर थांबले.
"हा आधी कुणी उघडलाय."
"मीच," मुर्तझाभाई म्हणाले, "पंखा साफ केला, डिस्क नवी टाकली."
"मग बरं आहे. उघडून परत बसलाय म्हणजे."

मी टाइप करून पाहिलं.
ए-चं अक्षर पुसट झालेलं.
कुणाचं बोट असेल ते?
नोकरी सुटली की बढती मिळाली त्या बोटाला?
बॅटरी दोन तास, वर नाही, असं त्यांनी आपणहून सांगितलं.
लायब्ररीत प्लगजवळची टेबलं नऊलाच भरतात.
घरी दहानंतर दिवा बंद,
दादाची पहाटेची पाळी,
म्हणजे कळांचा आवाजही नको.
कळा मऊ होत्या. तेवढं एक.

आणि तेव्हाच आठवली मागच्या सोमवारची फळ्यावरची आकृती.
यंत्रं मोडण्याचा आलेख, बाथटबसारखा.
(आमच्याकडे मोरी. तरी कळला.)
पहिल्या दिवसांत बरीच मोडतात,
कारखान्यातूनच काहीतरी घेऊन आलेली.
मग मधे लांबलचक सपाटी,
क्वचित एखादं.
शेवटी परत चढ.

"बाबा," मी म्हटलं,
"हा बाळपणातून वाचलाय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.
फी भरताना पाहतात तसं नाही.
हाताखालच्या पोराने
पहिल्यांदा काटकोन बरोबर धरला की पाहतात, तसं.
"आणि म्हातारपण?"
"ते सरांनी सांगितलं नाही. तीन-चार वर्षं धरू."
"लाकडाचंही असंच," ते म्हणाले,
"वळायचं असेल तर आधीच वळतं."

बावीस पाचशेचा वीस पाचशेला दिला.
सहा महिन्यांची हमी बाबांनी बिलावर लिहून घेतली,
वर चार जादा स्क्रू मागितले.
मुर्तझाभाई हसले, पण दिले,
सुपारीच्या पुडीएवढ्या पिशवीत.

बसमध्ये बॅग माझ्या मांडीवर
आणि बॅगेवर बाबांचा हात,
नखात अजून पॉलिश.
देवयानीला काय सांगायचं, ते मी जुळवत होते.
घोडपदेव आलं, उतरलो.
रस्ता ओलांडताना, गाड्यांकडे बघतच
ते म्हणाले,
"देव्हाऱ्याचे आले की
बॅटरी."